पंधरा हजारांची पाटी

यंत्रें हा या सदराचा विषय नव्हे, हें आमच्या नेहमींच्या वाचकांस ठाऊक आहेच. तथापि गेल्या तीन महिन्यांपासून आमच्या घरीं एक लहानसा, हलका व अल्पमोली लॅपटॉप नांदत आहे. आणि ज्या घरांतून वृद्ध माणसें व विद्यार्थी एका छपराखालीं राहतात, त्या घरांस आमचा अनुभव थोडाबहुत उपयोगीं पडेल असें वाटल्यावरून तो येथें निवेदन करीत आहों.

तो घेण्याचें कारण आधीं सांगणें अवश्य आहे. दोन वर्षांपूर्वीं आमच्या उजव्या हातास कंप सुटला. औषधोपचारानें तो थोडा आंवरला, गेला मात्र नाहीं. ज्या हातानें पस्तीस वर्षें फळ्यावर मुलांस अक्षराचें वळण घालून दिलें, त्या हाताचें लिहिणें आमचें आम्हांसच लागेनासें झालें. तेव्हांपासून हें सदर आम्ही तोंडानें सांगत असूं व आमच्या सूनबाई तें उतरून घेत. दिवसभराची नोकरी करून, रात्रीं सर्वांचीं जेवणें आटोपल्यावर त्या कागद घेऊन बसत. आमचा स्वभाव एक शब्द तीनदां फिरविण्याचा. गेल्या माघांत एके रात्रीं एका वाक्यास शेवटीं कोणतें क्रियापद शोभेल याचा आम्ही विचार करीत राहिलों, आणि मान वर करून पाहतों तों त्या कागदावर डोकें टेकून गाढ झोंपीं गेलेल्या! आम्ही सौभाग्यवतीस हांक मारून त्यांस उठवावयास सांगितलें, आणि मनाशीं ठरविलें कीं, एक तर हें सदर बंद करावें, नाहीं तर दुसरी कांहीं तोड काढावी.

ही गोष्ट चिरंजीवांच्या कानीं घातली, तेव्हां त्यांनीं साठ हजारांचें एक यंत्र सुचविलें. आम्ही तें नाकारलें. आम्हांस लिहावयाचें आहे तेवढेंच. शिवाय जी वस्तु आपल्या निवृत्तिवेतनांतून घेतलेली असते, ती हाताळतांना चुकण्याची मोकळीक असते. दुसऱ्याच्या पैशानें आलेल्या महाग वस्तूची भीतीच फार. शेवटीं १४,९९० रुपये मोजून आम्ही हें यंत्र घरीं आणिलें.

प्रथमदर्शनीं तें आम्हांस पाटीसारखें दिसलें. पडदा कोनाकोनीं ११.६ इंच, वजन किलोहून थोडें अधिक. आंत पंखा नसल्यामुळें आवाज मुळींच नाहीं, हा गुण देवघराशेजारीं बसून लिहिणाऱ्यास मोठा वाटतो. बॅटरी एकदां भरली कीं आमचें सकाळचें सारें लेखन तीवर निभतें. दोष म्हणाल तर मंदपणाचा. कळ दाबल्यापासून तें पुरतें जागें होईतों आमचें आचमन व चोवीस नांवें सावकाश होऊन जातात. आमची त्याविषयीं तक्रार नाहीं. आम्हीही सकाळीं एकदम जागे होत नाहीं.

पाटीची उपमा आम्हांसच सुचली असें नव्हे. १९७२ सालीं अमेरिकेंतील संशोधक अ‍ॅलन के यांनीं ‘डायनाबुक’ नांवाची एक कल्पना मांडली होती. मुलानें वहीसारखा कांखेंत मारून न्यावा, असा संगणक त्यांच्या मनांत होता. पुढें १९८१ सालीं जें ‘ऑस्बोर्न १’ हें यंत्र बाजारांत आलें, तें उचलून नेतां येई खरें, परंतु वजन सुमारें ११ किलो, पडदा ५ इंचांचा व किंमत १,७९५ डॉलर! तें निर्माण करणारे अ‍ॅडम ऑस्बोर्न यांचें बालपण आपल्या तिरुवण्णामलै येथें गेलेलें. त्यांचे आईवडील रमण महर्षींचे भक्त होते. त्यांची कंपनी १९८३ सालीं बुडाली, आणि अखेरीस ते भारतांतच येऊन राहिले. २००३ सालीं कोडैकनाल येथें वारले.

स्वस्ताईचा ध्यास घेतला तो निकोलस नेग्रोपोंटे यांनीं. गरीब देशांतील प्रत्येक मुलास शंभर डॉलरांत संगणक द्यावा, असा संकल्प त्यांनीं २००५ सालीं सोडला. प्रत्यक्षांत किंमत १८८ डॉलरांवर गेली. त्या यंत्रांचा एक प्रयोग २००७ सालीं आपल्या महाराष्ट्रांत, खैराट या खेड्यांतील लहानशा शाळेंतही झाला होता. त्याच वर्षीं असूस कंपनीनें ७ इंची पडद्याचें, किलोहूनही हलकें ‘ई पीसी’ काढलें, आणि ‘थोडक्यांत भागविणारा संगणक’ ही जातच जन्मास आली. शंभर डॉलरांची प्रतिज्ञा पुरी झाली नाहीं, पण तिच्या मागें लागून जग स्वस्त झालें. ध्येय हातीं न येतांही उपयोगी पडतें, तें असें.

आतां लिहिण्याविषयीं. मराठी लिहिण्याच्या ज्या अनेक रीति आहेत, त्यांपैकीं ‘इन्स्क्रिप्ट’ ही सरकारमान्य मांडणी आम्ही पत्करली, आणि ती पाहून आम्हांस आपली वर्णमाला नव्यानें भेटल्याचा आनंद झाला. डाव्या हाताखालीं स्वर, उजव्या हाताखालीं बहुतेक व्यंजनें. ज्या कळीवर क, तीवरच शिफ्ट दाबून ख. तसेंच ग-घ, च-छ, ज-झ, त-थ, प-फ. अल्पप्राण सहज उमटतो, महाप्राणास थोडा अधिक जोर लागतो. उच्चारांतही तेंच नव्हे काय? पाय मोडण्यास स्वतंत्र कळ आहे. ‘तत्त्व’ लिहावयाचें तर त, त, पाय मोड, त, पाय मोड, व, असें सहा वेळां बोट टेकावें लागतें. म्हणून तींत एक त गिळून टाकण्याची सोय राहत नाहीं. संधिविग्रह शिकविण्यांत ज्याचा जन्म गेला, त्यास याहून अधिक काय पाहिजे? शिवाय हीच मांडणी कानडी, गुजराती, तेलुगु इत्यादि लिपींसही आहे. क ची जागा सर्वत्र एकच.

आमच्या यंत्राच्या कळांवर मात्र केवळ इंग्रजी अक्षरें होतीं. अकरा वर्षांच्या नातीनें कागदाचे चिमुकले तुकडे कापून, त्यांवर देवनागरी अक्षरें लिहून चिकटविलीं, आणि रोज संध्याकाळीं अर्धा तास आमची उजळणी घेतली. चुकलों कीं ती म्हणे, “आजोबा, पुन्हा!” हा शब्द आम्ही आयुष्यभर दुसऱ्यांस ऐकविला, तो ऐकून घेण्यांत काय कष्ट असतात तें आतां कळलें.

खरी अडचण कंपाची होती. बोट कळीवर थरथरलें कीं एका क च्या ठिकाणीं चार उमटत. दोन आठवड्यांनीं आम्ही हताश होऊन झांकण मिटलें व पैसे बुडाले असें समजून बसलों. तेव्हां आमच्या पुतण्यानें एक युक्ति शोधून काढली. विंडोज प्रणालींत ‘अ‍ॅक्सेसिबिलिटी’ या सदराखालीं ‘फिल्टर कीज’ नांवाची सोय आहे. ती चालू केली असतां, एकाच कळीवर लागोपाठ झालेले थरथरते स्पर्श यंत्र हिशेबांत धरीत नाहीं. ज्यांच्या घरीं कोणाचे हात कांपत असतील, त्यांनीं ही गोष्ट अवश्य ध्यानांत ठेवावी. आमचें लेखन त्या दिवसापासून मार्गीं लागलें. आतां एक पृष्ठ लिहावयास पाऊण तास लागतो. पण तें पृष्ठ आमचें असतें.

विकत घेणाऱ्यांस सावधगिरीचे दोन शब्द. यंत्राची रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, आणि सांठवण म्हणजे कोठीची खोली. आमचा ओटा ४ जीबी व कोठी ६४ जीबी. “भरपूर होईल,” असें दुकानदारानें सांगितलें होतें. परंतु त्या कोठींतील बरीचशी जागा यंत्राची मूळ प्रणालीच अडवून बसते, आणि तिची वेळोवेळीं जी सुधारणा उतरवून घ्यावी लागते, तिला दुसऱ्याच महिन्यांत जागा पुरेना. शेवटीं चित्रें व इतर पसारा एका मेमरी कार्डावर हलवावा लागला. स्वस्त यंत्रांत रॅम व सांठवण पुष्कळदां मुख्य फळीसच जडविलेली असते. मागाहून वाढवितां येत नाहीं. यास्तव सांठवण ‘ईएमएमसी’ प्रकारची आहे कीं त्याहून जलद अशी ‘एसएसडी’ प्रकारची, आणि पुढें वाढेल कीं नाहीं, हें आधींच विचारावें. केवळ लिहिण्या-वाचण्यास आमच्यासारखें यंत्र पुरे. कॉलेजांत जाणाऱ्या मुलासाठीं घेणें असल्यास ८ जीबी रॅमहून कमी घेऊं नये. कळा दुकानांत स्वतःच्या बोटांनीं दाबून पाहाव्या, आणि लिहिलेल्याची दुसरी प्रत अन्यत्र ठेवण्यास चुकूं नये.

एकत्र कुटुंबांत एक निराळाच प्रश्न उभा राहिला. यंत्रानें पहिल्याच दिवशीं परवलीचा शब्द मागितला. “या घरांत तिजोरीखेरीज आजवर कशास कुलूप नव्हतें,” असें सौभाग्यवती म्हणाल्या. त्यावर पुतण्यानें प्रत्येकाचें निराळें खातें उघडून दिलें, तेव्हां त्या म्हणाल्या, “अहो, म्हणजे ही वाटणीच कीं!” परंतु वाटणीनें घर मोडलें नाहीं. सकाळीं यंत्र आमचें, दुपारीं शाळेच्या अभ्यासापुरतें नातीचें, आणि रात्रीं सूनबाईंचें. रात्रीं त्या काय करितात म्हणून आम्ही सहज विचारिलें, तेव्हां कळलें कीं, बढतीसाठीं द्यावी लागणारी खात्याची परीक्षा त्यांनीं दोन वर्षें लांबणीवर टाकली होती. कशासाठीं, तें त्यांनीं सांगितलें नाहीं, व आम्हांस विचारण्याची गरज पडली नाहीं. आमच्या क्रियापदांपायीं दुसऱ्या कोणाचीं दोन वर्षें खर्चीं पडलीं होतीं, आणि आम्हांस त्याची वार्ताही नव्हती. परीक्षा येत्या महिन्यांत आहे.

या यंत्रावर लिहिलेलें पहिलें पृष्ठ आम्ही मोठ्या टाइपांत छापून मातुःश्रींच्या हातीं दिलें. त्यांचें वय ८९. भिंगाखालीं दोन ओळी पाहून त्या म्हणाल्या, “अक्षर सुरेख आहे रे, पण तुझें नव्हे.” यास उत्तर नव्हतें. आम्ही लेखणी घेऊन त्या पृष्ठाखालीं सही केली. ती वांकडीतिकडीच आली. मातुःश्रींनीं तीवरून बोट फिरविलें आणि तो कागद आपल्या पोथींत ठेवून दिला.

असो. हा लेख अथपासून इतिपर्यंत आम्हीं आपल्याच बोटांनीं लिहिला आहे. यांत कांहीं चुका राहिल्या असतील तर त्याही सर्वस्वीं आमच्याच आहेत, आणि वाचकांनीं त्या निःसंकोचपणें कळवाव्या.