सिंधूच्या अस्ताची गोष्ट प्रवरेपर्यंत यायला हवी



गेल्या रविवारच्या पुरवणीत नदीकाठच्या प्राचीन संस्कृतींवर आलेला लेख आवडीने वाचला. नाईल, तैग्रिस-युफ्रेटिस, सिंधू आणि चीनमधली पीत नदी यांच्या काठी शेती कशी स्थिरावली, खाऊन धान्य उरू लागल्यावर कारागीर, व्यापारी, लेखनिक कसे उभे राहिले, हे लेखकाने सोप्या भाषेत मांडले आहे. माझी तक्रार लेखाच्या शेवटच्या भागाविषयी आहे. परकी टोळ्यांच्या स्वारीने सिंधू संस्कृतीचा नाश झाला आणि तिचे नावनिशाणही उरले नाही, असे तिथे म्हटले आहे. या विधानाला पुराव्याचा आधार नाही. महाराष्ट्रातल्या वृत्तपत्राने तर ते छापायलाच नको होते, कारण त्याच्याविरुद्ध साक्ष देणाऱ्या वस्तू आपल्याच मातीतून निघाल्या आहेत.

आधी स्वारीबद्दल. पुरातत्त्वज्ञ मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४६ मध्ये हडप्पाची तटबंदी खणली आणि मोहेंजोदडोला सापडलेल्या काही सांगाड्यांचा संबंध ऋग्वेदातल्या, शत्रूंची पुरे फोडणाऱ्या इंद्राशी जोडला. कल्पना नाट्यमय होती, म्हणून ती पाठ्यपुस्तकांत रुजली. पण १९६४ साली जॉर्ज डेल्स यांनी हाच पुरावा पुन्हा तपासला तेव्हा ती उभी राहू शकली नाही. सांगाडे एका काळातले नव्हते. बालेकिल्ल्यात, म्हणजे जिथे लढाई व्हायला हवी तिथे, एकही सांगाडा नव्हता. शहर जाळल्याची, लुटल्याची खूणही नव्हती. या गोष्टीला साठ वर्षे झाली. तरी तीच कत्तल आपण मुलांना आणि वाचकांना पुन्हा पुन्हा सांगत राहतो, याचे मला फार वाईट वाटते.

मग झाले काय? सुमारे ४२०० वर्षांपूर्वीपासून पाऊसमान घटत गेले. घग्गर-हाक्राच्या खोऱ्यातले पाणी कमी झाले, मेसोपोटेमियाशी चालणारा व्यापार मंदावला. इ.स.पू. १९०० नंतर मोठी शहरे विरळ झाली. मुद्रा, लिपी, ठरावीक वजने वापरातून गेली. हे नुकसान खरे आहे आणि ते मी कमी लेखत नाही. लिहिण्याची कला हरवणे ही कोणत्याही समाजाची मोठी हानी असते. पण त्याच शतकांत सौराष्ट्रात, हरियाणात आणि गंगा-यमुनेच्या दुआबात लहान खेड्यांची संख्या वाढलेली दिसते. गव्हा-जवाच्या रब्बी पिकांच्या जोडीला खरिपाची भरड धान्ये आली. माणसे जिथे पाऊस होता तिथे गेली, आणि त्या पावसाला जमेल ते पेरू लागली. वाडा पडला म्हणून घराणे बुडाले असे आपण म्हणत नाही. लेखकाने मात्र नेमके तेच केले आहे.

या वाटेवरचे दक्षिणेकडचे टोक म्हणजे आपले दायमाबाद. श्रीरामपूर तालुक्यात, प्रवरेच्या डाव्या काठावर, मोहेंजोदडोपासून हजार किलोमीटरहून दूर. १९५८ मध्ये बोपर्डीकरांनी हे पांढरीचे टेकाड शोधले, पुढे म. न. देशपांडे, एस. आर. राव आणि साळी यांनी तिथे उत्खनने केली. १९७४ साली एका स्थानिक भिल्ल माणसाला झाडाचे मूळ खणताना चार ब्राँझची शिल्पे मिळाली: बैलांचा रथ आणि त्यात उभा असलेला पुरुष, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारही मिळून वजन साठ किलोहून जास्त. ही शिल्पे पाहताना त्या रथावरून नजर हलत नाही. बैलांच्या मानेवरचे जू, लांब दांडी, हाकणाऱ्याचा ताठ पवित्रा, सगळे इतके ओळखीचे आहे.

इथे आक्षेप येईल की ही शिल्पे उत्खननात, थरात सापडलेली नाहीत, म्हणून त्यांच्या काळाबद्दल अभ्यासकांत मतभेद आहेत. आक्षेप योग्य आहे, म्हणून माझी सगळी भिस्त मी शिल्पांवर ठेवत नाही. शिल्पे बाजूला ठेवली तरी शास्त्रीय उत्खननात उत्तर हडप्पा काळाचा स्वतंत्र थर मिळालाच आहे. त्यात हडप्पा लिपीची चिन्हे असलेल्या मातीच्या मुद्रा आणि खापरे आहेत, आणि कच्च्या विटांनी बांधून काढलेले एक दफनही. त्याच टेकाडावर पुढे माळवा आणि जोर्वे संस्कृतींचे लोक राहिले. जोर्वे हे नाव संगमनेरजवळच्या ज्या गावावरून पडले, तेही प्रवरेकाठचेच. सांकळिया आणि देव यांनी ते १९५०-५१ मध्ये खणले. या साऱ्यांना मी हडप्पावासीयांचे थेट वंशज म्हणत नाही, तसे म्हणायला आधार नाही. पण नदीकाठी गाव वसवण्याची रीत शहरांबरोबर संपली नाही, एवढे तर टेकाडाचे थर उघड सांगतात.

खरे तर लेखकाने संस्कृती कशी मावळते हेच दाखवायचे ठरवले असते, तर त्यासाठी इनामगावाइतके चांगले उदाहरण देशात क्वचितच मिळेल. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी असलेले हे ठिकाण डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी यांनी १९६८ ते १९८३ या काळात अतिशय निगुतीने खणले. शंभराहून अधिक घरे उजेडात आली. मुलांना दोन रांजणांची तोंडे एकमेकांना लावून घराच्या जमिनीखालीच पुरत, मोठ्या माणसांचे पाय घोट्यापासून तोडून मग पुरत. फक्त एका पाच खोल्यांच्या घराच्या अंगणात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेल्या एका पुरुषाचे पाय शाबूत होते. तो गावचा प्रमुख असावा असे ढवळीकर मानत. गावाने घोडच्या पुराचे पाणी वळवायला पाट खणला होता, दगडमातीचा बांध घातला होता. जवाबरोबर गहू, मसूर, कुळीथ अशी पिके निघत होती. तीन हजार वर्षांपूर्वीच्या एका खेड्याची इतकी तपशीलवार ओळख आपल्याला आहे, आणि ती आपण वापरत नाही.

त्याच इनामगावात इ.स.पू. १००० नंतरचे थर पाहा. ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या. शेती आटली, शिकार वाढली, शेळ्या-मेंढ्यांवर भर आला. ढवळीकरांच्या मते वाढत्या अवर्षणामुळे हा समाज हळूहळू भटक्या पशुपालनाकडे वळला. दायमाबादसह उत्तरेकडची गावे इ.स.पू. १००० च्या सुमारास ओस पडली, तर इनामगाव आणखी तीनेकशे वर्षे तगले. त्या पाटबांधाचा यात वाटा असावा, असे मला वाटते. कोणी चाल करून आले नाही, एका रात्रीत काही बुडाले नाही. पिढ्यान् पिढ्या लोक थोडे कमी पेरत गेले, थोडे जास्त भटकत गेले. दुष्काळी तालुक्यांत राहणाऱ्या आपल्या वाचकांना ही गोष्ट समजावून सांगायला फार शब्द लागणार नाहीत.

नदीखोऱ्यांच्या वारशाचा हिशेब फक्त पिरॅमिड, झिग्गुरात आणि महास्नानगृहात मांडला, तर सगळे संपलेलेच दिसणार. राजस्थानात कालीबंगा इथे हडप्पापूर्व काळातले नांगरलेले शेत सापडले. त्याच्या आडव्या-उभ्या सऱ्यांची मांडणी त्या भागातल्या आजच्या शेतकऱ्याने, एकाच शेतात दोन पिके घेताना, जशीच्या तशी ठेवली आहे. कापसाचा धागा तर सिंधूच्या खोऱ्यानेच आपल्याला दिला. हा वारसा रोज वापरात असल्यामुळे तो संग्रहालयात दिसत नाही, आणि म्हणूनच लेखातून सुटतो.

म्हणून माझ्या दोन विनंत्या आहेत. स्वारीने झालेल्या नाशाचे विधान चुकीचे असल्याची दुरुस्ती त्याच पुरवणीत, त्याच पानावर छापावी. आतल्या कोपऱ्यात नको. आणि प्राचीन खोऱ्यांवरची ही मालिका पुढे चालणार असेल, तर तिच्यात एक पूर्ण लेख प्रवरा, घोड आणि तापीच्या काठच्या ताम्रपाषाणयुगीन गावांना द्यावा. डेक्कन कॉलेजची उत्खननांची साधने पुण्यातच आहेत. ती ज्यांनी आयुष्यभर अभ्यासली अशा कोणाकडून तो लिहून घ्यावा.

आपली,
इतिहासाची एक निवृत्त शिक्षिका, श्रीरामपूर