चेन्नईच्या वेशीवर अडणारा प्रवास

मदुराई, तिरुनेलवेली किंवा तिरुचिरापल्लीहून रात्रभर धावत येणाऱ्या बहुतेक बस आता चेन्नईच्या मध्यभागी कोयंबेडूपर्यंत जात नाहीत. शहराच्या दक्षिण सीमेबाहेर, वंडलूरनजीकच्या किलांबाक्कम येथे त्यांचा प्रवास संपतो. हे ठिकाण चेंगलपट्टू जिल्ह्यात येते. कांचीपुरम जिल्ह्याचे विभाजन होऊन २०१९ मध्ये हा जिल्हा अस्तित्वात आला. तेथील टर्मिनस सुमारे ८८ एकरांवर उभे आहे, त्यावर सुमारे ३९४ कोटी रुपये खर्च झाले आणि ३० डिसेंबर २०२३ रोजी ते सुरू झाले. पहाटे तेथे उतरलेल्या प्रवाशाला पेरांबूर किंवा अंबत्तूर गाठायचे असेल, तर त्याच्या प्रवासाचा अवघड टप्पा तिथूनच सुरू होतो.

बसस्थानक शहराबाहेर हलवणे चुकीचे होते, असे मी म्हणणार नाही. कोयंबेडूभोवतीची कोंडी खरी होती आणि लांब पल्ल्याच्या शेकडो बस महानगरात आणण्यात शहाणपण नव्हते. चूक क्रमात झाली. टर्मिनसच्या समोर, महामार्गापलीकडे, तांबरम–चेंगलपट्टू लोहमार्ग आहे. त्यावरून उपनगरी गाड्या धावतात. तरीही पायाभरणी झालेल्या २०१९ पासून उद्घाटनापर्यंत तेथे रेल्वेस्थानक उभे राहिले नाही. राज्य सरकारने त्यासाठी रेल्वेला वीस कोटी रुपये दिले, तेही टर्मिनस उघडण्याच्या सुमारास. महामार्ग ओलांडणाऱ्या पादचारी पुलाचे काम त्याच्याही मागे राहिले. दरम्यान विमानतळ ते किलांबाक्कम या सुमारे १५ किलोमीटरच्या मेट्रोचा प्रस्ताव नऊ हजार कोटींच्या पुढे गेला आहे. भव्य प्रकल्पाचा आराखडा आपल्याकडे तत्परतेने तयार होतो. वीस कोटींच्या फलाटाची आठवण मात्र सर्वांत शेवटी होते.

याचे कारण कोणा एका खात्याचा आळस नव्हे. टर्मिनस महानगर विकास प्राधिकरणाने बांधले, शहर बससेवा राज्याच्या महामंडळाकडे, लोहमार्ग केंद्राच्या अखत्यारीत, तर महामार्गाचा कारभार आणखी वेगळा. प्रत्येकाने आपापली हद्द सांभाळली. दोन हद्दींमधील काही शे मीटर कोणाच्याच हिशेबात आले नाहीत, आणि प्रवासी नेमका तेवढ्याच अंतरात सामान घेऊन उभा असतो.

हे अंतर ज्याच्या हिशेबात यावे, अशी संस्था कायद्याने केव्हाच जन्माला आली होती. चेन्नई एकीकृत महानगर परिवहन प्राधिकरणाचा कायदा २०१० चा. मुख्यमंत्र्यांच्या अध्यक्षतेखाली त्याची पहिली बैठक झाली नोव्हेंबर २०२२ मध्ये! तोवर किलांबाक्कमचा आराखडा ठरून गेला होता. मुंबईतही असे प्राधिकरण २००८ पासून आहे, पण शासकीय आदेशाच्या बळावर. तमिळनाडूने कायदा केला ही त्याची जमेची बाजू. तरी निधी आणि मंजुरीचा अधिकार हाती नसताना कायद्याची संस्थाही सल्लागारापलीकडे जात नाही, हे मुंबई-पुण्याच्या वाचकाला वेगळे सांगायला नको.

सप्टेंबर २०२५ मध्ये ‘चेन्नई वन’ हे ॲप आले. बस, उपनगरी रेल्वे आणि मेट्रो यांचे तिकीट एकाच ठिकाणी मिळू लागले. त्यापाठोपाठ ऑक्टोबरमध्ये ‘मुंबई वन’ही आले. ही सोय उपयुक्त आहे, मात्र तिकीट एक झाल्याने वेळापत्रक एक होत नाही आणि भाड्याचा मूळ प्रश्नही सुटत नाही.

तो प्रश्न मला या साऱ्यात अधिक गंभीर वाटतो. मे २०२१ पासून तमिळनाडूत साध्या शहर बसमध्ये महिलांना मोफत प्रवास आहे. राज्याच्या या योजनेने कष्टकरी महिलांच्या हाती दरमहा काही पैसे उरतात, आणि मी तिचा समर्थक आहे. मात्र ही सवलत बसच्या पायरीवर संपते. रेल्वे केंद्राची, मेट्रोचे भाडे वेगळे. गुडुवांचेरीहून शहरात घरकामाला येणाऱ्या बाईला तांबरमला बस सोडून लोकल पकडणे वेळेच्या दृष्टीने फायद्याचे असले, तरी लोकलसाठी पैसे मोजावे लागतात. वेळ वाचवायचा तर खिसा रिकामा, पैसे वाचवायचे तर कोंडीतल्या बसमध्ये बसून राहायचे! ‘बदली करा, लवकर पोहोचा’ असे सांगणारी वाहतूक योजना आणि बदली करणाऱ्याला दंड ठोठावणारी भाडेरचना एकाच शहरात एकत्र नांदत आहेत.

बस महामंडळाला राज्य भरपाई देते. त्याच धर्तीवर बसनंतरच्या उपनगरी रेल्वे प्रवासाची भरपाई राज्याने रेल्वेला दिली, तर केंद्राने ती स्वीकारावी आणि त्याचा हिशेब एकीकृत प्राधिकरणाने ठेवावा. ॲपमुळे निदान प्रवाशाने कोठून कोठे आणि कशाने प्रवास केला, याची नोंद आता उपलब्ध होऊ शकते. मेट्रोच्या दुसऱ्या टप्प्याचे ११८.९ किलोमीटर मार्ग उभे राहत आहेत. ते सुरू होण्याआधी हा करार व्हायला हवा, कारण किलांबाक्कममध्ये फलाटाचे जे झाले तेच तिथे भाड्याचे होण्याची चिन्हे आहेत.