दगडाला घाम येत नाही

'टाकीचे घाव सोसल्यावाचून देवपण येत नाही' ही म्हण मराठी शिक्षकाच्या तोंडी सहज येते. मीही ती वर्गात अनेकदा वापरली आहे. रूपक म्हणून ती देखणी आहे. पण रूपकाचा सिद्धान्त केला की माणसे मरतात. हे विधान अतिशयोक्त वाटत असेल तर अमेरिकन फुटबॉलच्या सरावाचा इतिहास पाहावा. (हा आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे, डोक्यावर हेल्मेट आणि खांद्यांवर जाड पॅड चढवून प्रतिस्पर्ध्याच्या अंगावर धावून जाण्याचा खेळ.)

१९५४ साली टेक्सास ए अँड एम कॉलेजचे नवे प्रशिक्षक पॉल 'बेअर' ब्रायंट आपला संघ जंक्शन नावाच्या रखरखीत गावी घेऊन गेले. दहा दिवस, भाजून काढणारे ऊन आणि सरावात पाण्याला बंदी. बहुसंख्य खेळाडू सोडून गेले. उरलेल्यांची पुढे दंतकथा झाली; तिच्यावर पुस्तक निघाले, चित्रपट निघाला. १९५६ साली याच संघाने विभागीय विजेतेपद मिळवले, हे दंतकथा सांगते. १९५४ च्या हंगामात तो दहापैकी नऊ सामने हरला, हे ती दबक्या आवाजात सांगते. आणि १९५६ च्या संघातला ठळक तारा जॉन डेव्हिड क्रो जंक्शनला गेलाच नव्हता, हे तर ती बहुधा सांगतच नाही. साहित्याच्या विद्यार्थ्याने येथे एकच प्रश्न विचारावा: या कथेचा निवेदक कोण? जो टिकला तो. सोडून गेलेल्याला कथेत आवाज नाही.

जॉर्डन मॅकनेअरला तर तो कायमचाच उरला नाही. २९ मे २०१८ रोजी मेरीलँड विद्यापीठाच्या सरावात ११० यार्डांच्या धावा पुन्हा पुन्हा काढताना तो उष्माघाताने कोसळला. १३ जूनला गेला. वय १९. त्याचे अंग थंड पाण्यात बुडवलेच गेले नाही, हे पुढे चौकशीत स्पष्ट झाले. विद्यापीठाने कायदेशीर व नैतिक जबाबदारी स्वीकारली. दुसऱ्या एका चौकशी अहवालाने नोंदवले की अनेक खेळाडूंना तोंड उघडण्याचीच भीती वाटत होती. माझ्या मते सगळ्या प्रकरणाचे मर्म या नोंदीत आहे.

कारण श्रमाने येणारा उष्माघात हा दैवाचा घाला नव्हे. शरीराचे आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या वर जाते, माणूस बरळू लागतो, तोल जातो. अशा वेळी आधी बर्फाच्या पाण्याच्या टबात अंग थंड करायचे, मग रुग्णालयात न्यायचे. पहिल्या अर्ध्या तासात हे झाले तर जीव वाचण्याची शक्यता फार मोठी असते. म्हणजे जीव वाचवणारी दोन साधने आहेत: एक टब, आणि 'मला होत नाही' हे म्हणता येण्याची मुभा. पहिले विकत मिळते. दुसरे प्रशिक्षकाच्या स्वभावावर अवलंबून ठेवले जाते.

यावर ठरलेला आक्षेप येतो: खेळच कठोर आहे, हळुवार सरावाने मैदानावर हाडे मोडतील. हा आक्षेप अर्धा खरा आहे, म्हणूनच धोक्याचा. शरीर ताणल्याशिवाय बळकट होत नाही, हे कोण नाकारतो? पण ते टप्प्याटप्प्याने बळकट होते. अमेरिकेच्या महाविद्यालयीन क्रीडा संघटनेनेच २००३ पासून हंगामपूर्व सरावाचे पहिले पाच दिवस उष्म्याची सवय होण्यासाठी राखून ठेवले. ताण आणि शिक्षा यांत फरक आहे. ताणाला मोजमाप असते, विश्रांती असते. शिक्षेला फक्त प्रेक्षक लागतात. चुकलेल्याला धाप लागेपर्यंत पळवणारा प्रशिक्षक स्नायू घडवत नसतो, स्वतःचा धाक घडवत असतो. म्हणून सराव थांबवण्याचा अंतिम अधिकार प्रशिक्षकाकडे असूच नये. तो वैद्यकीय जाणकाराकडे असावा, आणि त्या जाणकाराची नोकरी प्रशिक्षकाच्या मर्जीवर नसावी.

आपल्याकडेही 'आमचे सर फार कडक होते' असे आपण अभिमानाने सांगतो. तेव्हा आपणही टिकलेलेच बोलत असतो. मागच्या बाकावरून निघून गेलेला मुलगा त्या मेळाव्याला आलेला नसतो. मूर्ती साधली की श्रेय शिल्पकाराचे. दगड तडकला की दोष दगडाचा. इतका सोयीचा न्याय असलेली म्हण मी आता वर्गात वापरत नाही.