विषय कोणी निवडावयाचे?

दहावीचा निकाल लागला की पुण्यातील घराघरांत एका प्रश्नाची तावातावाने चर्चा होते आणि ज्याच्या आयुष्याशी त्या प्रश्नाचा संबंध असतो, त्याला मात्र तो क्वचितच विचारला जातो. नव्वद टक्के पडले तर विज्ञान, पंचाहत्तर पडले तर वाणिज्य, आणि त्याहून खाली घसरला तर नाइलाजाने कला, असा हा सरळ हिशेब आहे. यालाच आपण विषयांची निवड म्हणत आलो आहोत.

पालकांची काळजी निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. अकरावीला सोडलेला विषय पुन्हा हाती धरणे सोपे नसते. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून नौदलात वा हवाई दलात जावयाचे तर बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र व गणित असावेच लागते. भूदलासाठी कोणत्याही शाखेची बारावी चालते. २०२२ पासून प्रबोधिनीत मुलींनाही प्रवेश मिळू लागला. परंतु जिने गणिताच्या धास्तीने तो विषय अकरावीतच सोडला, तिला ही अट बारावीनंतर कळून काय उपयोग?

धास्तीइतकाच गुणांचा लोभही घातक आहे. मराठीऐवजी माहिती तंत्रज्ञान घेण्याची सोय कनिष्ठ महाविद्यालयांत झाली, तेव्हा कितीतरी मुलांनी मातृभाषेला रामराम ठोकला. संगणकाची ओढ असलेल्यांनी तसे केले तर आमची तक्रार नाही. पण त्यांतील बहुतेकांची ओढ गुणपत्रिकेकडे होती, हे कोणताही प्राध्यापक सांगेल.

या लेखकाने काही वर्षे शाळेत शिकविले आहे. त्या वेळी वर्गात एक मुलगा होता. इतिहासाच्या वहीत तो किल्ल्यांचे नकाशे काढी, तेही अंतरे मोजून, प्रमाण लिहून. दहावीला त्याला उत्तम गुण मिळाले. वडिलांनी रीतीप्रमाणे विज्ञान शाखेत घातले, शिकवणी लावली, आणि दोन वर्षांनी मुलगा बारावीत नापास झाला. भूगोल हा विषय विज्ञान शाखेतही घेता येतो, हे त्या घरात कोणालाच ठाऊक नव्हते. आम्हांला ठाऊक होते. त्या वह्याही आम्हीच तपासल्या होत्या. आम्ही त्याच्या वडिलांना बोलावून घेतले नाही.

शासनाने काहीच केले नाही, असे मात्र नाही. २०१६ साली दहावीच्या विद्यार्थ्यांसाठी कलमापन चाचणी सुरू झाली. कल्पना स्तुत्य होती. परंतु कल कोणीकडे आहे हे कागदावर छापून देणे निराळे आणि तो कागद मुलासमोर व आईबापांसमोर ठेवून त्याचा अर्थ उलगडणे निराळे. हे दुसरे काम यंत्राचे नव्हे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने शाखाशाखांतील भिंती पाडण्याचे म्हटले आहे; पण भिंत पडली तरी पलीकडे काय आहे हे सांगणारा कोणी नको काय?

तो माणूस शाळेतच आहे. ज्या वर्गशिक्षकाने मुलाला दोन-तीन वर्षे पाहिले, त्याने पालक व मूल या दोघांनाही समोर बसवून अर्धा तास बोलावे. कोणत्या अभ्यासक्रमाला कोणता विषय अनिवार्य आहे, याचा तक्ता त्याच्या हाती शाळेने द्यावा. आणि या बैठकीत पहिला प्रश्न मुलाला विचारला जावा. शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे, हे आम्ही जाणतो. म्हणूनच या कामासाठी त्यांची इतर कारकुनी चार दिवस थांबविण्याची जबाबदारी मुख्याध्यापकांनी घ्यावी.

हे सारे निकालानंतर, प्रवेशाच्या धांदलीत होणे शक्य नाही. दहावीची पहिली सत्र परीक्षा दिवाळीच्या सुमारास संपते. तिच्या उत्तरपत्रिका तपासून झाल्या की त्याच आठवड्यात या बैठकी सुरू करता येतील.