जादू कुणाची?

फँटसीवेड्यांची टिंगल बाहेरच्याने केली की राग येतो, आपल्यातल्याच कुणी केली की मजा येते. जो वॉल्टनची 'अमंग अदर्स' (2011) ही कादंबरी म्हणूनच माझी लाडकी. नेब्युला आणि ह्यूगो, दोन्ही पुरस्कार मिळालेली.

काळ 1979-80. पंधरा वर्षांची वेल्श मॉरी जुळी बहीण गमावून, अधू पाय घेऊन इंग्लंडमधल्या बोर्डिंग शाळेत येते. आई चक्क चेटकीण! पण मॉरीच्या रोजनिशीत आईपेक्षा पुस्तकांबद्दलच जास्त. अनोळखी बापाची पारखसुद्धा त्याच्या कपाटातल्या पुस्तकांवरून. आपणही असेच की हो!

एकटेपणा सोसेना म्हणून ती 'आपली माणसं' मिळावीत अशी जादू करते, आणि वाचनालयात तिला वाचकांचा गट सापडतो. मग शंका... हे खरे मित्र, की जादूने ओढून आणलेले?

माझ्या मते जादू त्या वाचनालयाचीच. मी बेलवलीचा. आमच्या बदलापुरात श्याम जोशींनी 'ग्रंथसखा' वाचनालय उभं केलं, त्यामुळे एका माणसाच्या पुस्तकवेडातून काय होऊ शकतं हे आम्हाला ठाऊक आहे. पण पऱ्या-राक्षसांत रमणाऱ्या मोठ्या माणसांचं काय? "अजून हेच वाचतोस?" हे ऐकून ऐकून लोकलमध्ये पुस्तकाला कव्हर घालून बसणारे मी पाहिलेत. पुस्तकं आता घरपोच येतात, त्यावर भांडायला माणूस मात्र मिळत नाही. गावोगावच्या वाचनालयांनी महिन्यातून एक संध्याकाळ या मंडळींना द्यावी. चार खुर्च्या पुरतील. चहा आम्ही आणू.