सोमनाथ चोर असता तर?

परभणीच्या सोमनाथ सूर्यवंशीबद्दल बोलताना आपण सगळेच एक वाक्य हमखास म्हणतो. 'पोरगा वकिलीचं शिकत होता, निरपराध होता.' कुंडलच्या बैठकीत आम्हीही तेच म्हणालो. बैठक संपल्यावर मागे बसलेला पारधी समाजाचा एक मुलगा जवळ आला आणि म्हणाला, 'दादा, तो चोर असता तर?' आम्हाला पटकन उत्तर देता आले नाही. ते आता देत आहोत.

आधी प्रकरण नीट सांगू, कारण व्हॉट्सअॅपवर त्याची फार मोडतोड झाली आहे. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणीत बाबासाहेबांच्या पुतळ्यासमोरच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशी बंद, त्यात तोडफोड, आणि मग वस्त्यांमध्ये धरपकड. त्यात वडार समाजाचा सोमनाथ उचलला गेला. 15 डिसेंबरला न्यायालयीन कोठडीत त्याचा मृत्यू झाला. हृदयविकाराचा झटका आला, असे आधी सांगितले गेले. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात मात्र अनेक जखमांमुळे बसलेला धक्का हे कारण आले. न्यायदंडाधिकाऱ्यांच्या चौकशीने पोलिसांवर ठपका ठेवला. तरीही गुन्हा दाखल होईना. शेवटी विजयाबाई, सोमनाथची आई, सरकारी मदत नाकारून उच्च न्यायालयात गेल्या. त्यांची बाजू अॅड. बाळासाहेब आंबेडकरांनी मांडली. औरंगाबाद खंडपीठाने 4 जुलै 2025 रोजी गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. त्या आदेशाविरुद्ध राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 30 जुलैला तिथेही हरले. एका आईला आपल्या मुलाच्या मृत्यूची साधी एफआयआर मिळवायला साडेसात महिने लागले!

या सगळ्यात आम्हाला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट वेगळी आहे. त्याच डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनात मुख्यमंत्र्यांनी सभागृहाला सांगितले की, सोमनाथला न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे केले तेव्हा मारहाण झाली का असे विचारले होते आणि त्याने नाही म्हटले होते. ज्याने रिमांडचे कोर्ट एकदा तरी पाहिले आहे, त्याला या 'नाही'ची किंमत माहीत आहे. ज्यांनी रात्रभर ठाण्यात ठेवले तेच दोन्ही बाजूंना उभे असतात. पुढे रांग असते. प्रश्न विचारायला आणि उत्तर द्यायला मिळून अर्धा मिनिटही जात नाही. 'नाही साहेब' म्हणायचे, कारण परत त्याच गाडीत बसायचे असते. कायद्याने दिलेले सगळे संरक्षण त्या अर्ध्या मिनिटात वाहून जाते आणि पुढे तोच कागद सभागृहात पुरावा म्हणून वाचला जातो.

आता मुलाच्या प्रश्नाकडे येऊ. त्याचा रोख बरोबर होता. आपण सोमनाथच्या निरपराधपणावर जितका भर देतो, तितके नकळत हे कबूल करत जातो की, अपराधी असता तर मारले असते तरी चालले असते. हा विचार आपल्या मातीतही मुरलेला आहे. कुंडल ही प्रतिसरकारची भूमी. क्रांतिअग्रणी जी. डी. बापूंच्या या गावात आम्ही त्या गोष्टी ऐकत मोठे झालो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. पण पायांना पत्री ठोकल्याच्या गोष्टी पारावर सांगितल्या जातात तेव्हा हशा कशासाठी पिकतो? पत्री कुणाच्या पायाला ठोकली, त्याचे म्हणणे कुणी ऐकले, असे आम्ही कधी विचारले नाही. ब्रिटिशांशी लढणाऱ्या भूमिगतांची अडचण समजू शकते. पण स्वतंत्र देशातल्या पोलीस ठाण्यात तेच घडते, तेव्हा आपलेच लोक म्हणतात, 'बरं झालं, चोरच होता.'

फार लांब जायला नको. नोव्हेंबर 2017 मध्ये सांगली शहर पोलीस ठाण्यात लूटमारीच्या संशयावरून पकडलेला एक तरुण मारहाणीत मेला. त्याचा मृतदेह आंबोलीत नेऊन जाळल्याचे तपासात उघड झाले. बाहेर मात्र सांगितले होते की, दोघे आरोपी पळून गेले. पुढे सीआयडीने तपास केला आणि पोलीसच आरोपी झाले. त्या वेळी सांगली पेटली, हे खरे. पण 'तसा तो काही साधा नव्हता' हे वाक्य आम्ही तेव्हाही ऐकले, चहाच्या टपरीवर आणि आपल्या विहारातसुद्धा.

पारधी, वडार, कैकाडी या जमातींना 1871 च्या कायद्यापासून जन्मतःच गुन्हेगार ठरवले गेले. 1952 ला तो कायदा गेला, पण संशयितांच्या यादीतून नावे गेली नाहीत. तुरुंगातही तेच. पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर 3 ऑक्टोबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला की, तुरुंगात जात पाहून झाडलोट आणि स्वयंपाक वाटून देऊ नका, रजिस्टरमधला जातीचा रकाना काढा. संविधान लागू झाल्यानंतर 74 वर्षांनी! 2022 च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातल्या 5,73,220 कैद्यांपैकी 4,34,302 कच्चे कैदी होते. म्हणजे चारातल्या तिघांवरचा गुन्हा अजून सिद्धच झालेला नव्हता.

बाबासाहेबांना हा धोका दिसत होता. जीविताच्या कलमातून 'योग्य प्रक्रिया' हे शब्द गळाले, तेव्हा 15 सप्टेंबर 1949 रोजी त्यांनी संविधान सभेत नवे कलम मांडले आणि ते त्या उणिवेची भरपाई आहे असे स्पष्ट सांगितले. तेच आजचे कलम 22. अटकेची कारणे सांगा, आपल्या पसंतीचा वकील भेटू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करा. हे सारे फौजदारी प्रक्रिया संहितेत आधीपासून होतेच. पण साधा कायदा बहुमताने बदलता येतो, म्हणून त्यांनी ते संविधानात नेऊन ठेवले. (याच कलमाच्या पोटात प्रतिबंधात्मक स्थानबद्धताही आहे. ती आम्हाला बोचते आणि त्यावर सभेतही टीका झाली होती. ते लपवायचे कारण नाही.) या कलमात 'निरपराध व्यक्ती' असा शब्द नाही. अटक झालेली कोणतीही व्यक्ती, एवढेच आहे. आपली पोरे उद्देशिका तोंडपाठ म्हणतात, पण कलम 22 काय आहे विचारले की एकमेकांकडे बघतात.

गंमत पाहा. अटकेची कारणे प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्या, आरोपीला समजेल त्या भाषेत द्या आणि अगदीच उशीर झाला तरी रिमांडला नेण्याच्या किमान दोन तास आधी द्या, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 ला दिला. सरन्यायाधीश भूषण गवई त्या पीठावर होते. प्रकरण कुणाचे? वरळीच्या बीएमडब्ल्यू अपघाताचे. त्या आरोपीविषयी आम्हाला तिळमात्र सहानुभूती नाही. पण महागड्या वकिलांनी त्याच्यासाठी भांडून मिळवलेला हक्क आज कुंडलच्या पालावरच्या पोरालाही लागू आहे. त्या दोन तासांत वकील गाठता आला, तर 'नाही साहेब'च्या जागी दुसरे उत्तर येऊ शकते. वैद्यकीय तपासणीत अंगावरचे वळ लिहून घ्या, असा आग्रह धरता येतो. विधी सेवा प्राधिकरणाचा वकील कोठडीतल्या प्रत्येकाला फुकट मिळतो. त्याला उत्पन्नाचा दाखला लागत नाही. 15100 हा त्यांचा क्रमांक आहे.

मोर्चे काढू नका असे आम्ही म्हणत नाही. परभणीच्या मागे राज्यभरचा मोर्चा नसता तर प्रकरण दाबले गेले असते. पण मोर्चा मेल्यानंतर निघतो. ठाण्यात माणूस जिवंत असतो तेव्हा बाहेर कोण उभे असते? मागच्या वर्षी जिल्ह्यातल्या एका ठाण्यासमोर एक म्हातारी रात्री दीडपर्यंत बसून होती. तिच्या नातवाला का आणले हे तिला कुणी सांगत नव्हते. आम्हाला फोन आला तो सकाळी. आमच्या जयंती समितीत तेव्हा साठ नावे होती, पण रात्री फोन करावा असे तिला त्यातले एकही वाटले नाही.

त्या मुलाला आम्ही हे सगळे सांगितले, दोन तासांचा निकालही समजावला. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, 'कागद मराठीत दिला तरी माझ्या आईला वाचता येत नाही. तिला वाचून कोण दाखवणार?' आम्ही वही काढली. रात्री-अपरात्री ठाण्यात जातील अशांची यादी केली आहे. चोर म्हणून आणलेल्यासाठीही जायचे, ही पहिली अट. अट ऐकून काहींनी नावे मागे घेतली. कुंडलमधून सध्या चार नावे आहेत, आणि चौथे त्या मुलाचेच आहे.