'बॅड लक' म्हणण्याआधी विचारा, निर्णय कोणाचा होता?

क्रिकेटच्या गप्पांत एक वाक्य हमखास ऐकू येतं: "पोरगा गुणी होता, पण नशिबानं साथ दिली नाही." आंबेडकरी तरुणानं या वाक्याशी जरा थांबावं. 'नशीब' हा शब्द आपल्या बापजाद्यांना फार ऐकवला गेला आहे. गावकुसाबाहेर का? नशीब. पाणवठा का बंद? मागच्या जन्मीचं पाप. व्यवस्थेनं ज्याचा जाब द्यायचा, ते नशिबावर ढकलायचं, ही जुनी युक्ती आहे.

म्हणून खेळात दुर्दैव नसतंच, असं मात्र नाही. मुंबईचे पद्माकर शिवलकर यांनी प्रथम श्रेणीत ५८९ बळी घेतले. राजिंदर गोयल यांचे एकट्या रणजी करंडकातले बळी ६३७. दोघांनाही एकही कसोटी मिळाली नाही. दोघं डावखुरे फिरकीपटू, आणि त्याच काळात भारताकडे बिशनसिंग बेदी होते. जागा एक, दावेदार तीन. याला दुर्दैव म्हणा, हरकत नाही. पण १९७४ च्या बंगळुरू कसोटीत बेदींना वगळलं, तरी गोयल बाहेरच राहिले. तो नशिबाचा फेरा नव्हता, तो माणसांनी घेतलेला निर्णय होता.

आता बाळू पालवणकरांकडे या. चर्मकार कुटुंबातला हा डावखुरा फिरकीपटू. पुण्याच्या इंग्रजांच्या क्लबात खेळपट्टीची देखभाल करायची, सरावाला गोऱ्या साहेबांना गोलंदाजी करायची, हे त्यांचं काम. बॅट हाती मिळणं दुर्मीळ. पुढे हिंदू संघाला जिंकायचं होतं म्हणून त्यांना घेतलं. मैदानात त्यांनी हाताळलेला चेंडू सवर्ण खेळाडूंना चालत होता. चहाच्या वेळी मात्र बाळूंना पॅव्हेलियनबाहेर मातीच्या भांड्यात चहा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्यांनी शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचं कर्णधारपद त्यांना कधीच रीतसर मिळालं नाही.

बाळूंच्या आयुष्यात दोन्ही गोष्टी आहेत, आणि त्या वेगळ्या करता आल्या पाहिजेत. भारतानं पहिली कसोटी खेळली १९३२ साली. तेव्हा १८७६ सालचे बाळू छप्पन वर्षांचे होते. हे दुर्दैव. त्यात कुणाचा दोष नाही. कर्णधारपद नाकारलं गेलं, ती जात. दुर्दैव कधी याच्या वाट्याला येतं, कधी त्याच्या. जे वर्षानुवर्षं एकाच समाजाच्या माणसाच्या वाट्याला येतं, त्याला दुर्दैव म्हणत नाहीत.

आणि ते बदललं कसं? ग्रह फिरल्यानं नाही. १९२० च्या चौरंगी स्पर्धेत अन्याय झाल्यावर बाळूंचे भाऊ विठ्ठल आणि शिवराम यांनी संघातून माघार घेतली. त्यानंतर बाळूंना उपकर्णधार करावं लागलं. १९२३ साली विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले. नकार देण्याची धमक दाखवली, तेव्हा दार किलकिलं झालं.

काहींना आठवेल, १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते आणि हरले. खरं आहे. त्यांचं राजकारण आपल्याला मान्य नाही, नसावंही. पण आपल्या बाजूचा असेल तरच अन्याय मोजायचा, हा हिशेब आपला नव्हे. मातीचं भांडं त्यांच्या हातात दिलं गेलं ते त्यांचं राजकारण पाहून नाही.

आज कोणी उघडपणे मातीचं भांडं देत नाही. पण बॅट, किट, प्रशिक्षकाची फी, रोज मैदानापर्यंतचा प्रवास, घरात एका पगाराची वाट न पाहता पोराला चार-पाच वर्षं खेळू देण्याची ऐपत, हे सगळं निवड समितीपुढे उभं राहण्याआधीच ठरलेलं असतं. कोणत्या समाजातून किती खेळाडू वर आले, याची आकडेवारी बीसीसीआय प्रसिद्ध करत नाही. मोजलंच नाही, की सगळं नशिबावर घालणं सोपं जातं.

म्हणून मित्रांनो, वस्तीतला एखादा गुणी पोरगा सोळाव्या वर्षी खेळ सोडून कामाला लागला, तर "त्याचं नशीब" म्हणून पुढे जाऊ नका. निवड चाचणीची खबर त्याच्यापर्यंत पोचली होती का? त्याला कोणी, कोणत्या कारणानं वगळलं? विचारा, लिहून ठेवा, एकत्र करा. झेल सुटला, नाणेफेक हरली, तर ते नशीब. बाकी सगळ्याचा जाब मागता येतो.

जय भीम.